उसना कोट

"हनुवटी खाली घे, पोरी. अजून. कोंबड्यांची झुंज बघायला मान ताणलीस काय?" काळ्या फडक्याआडून तादेओ म्हणाला.

पोरगी फिसकन हसली.

"हललीस! आता तीन डोळे येणार तुला."

"डोळ्यांचं सोड," बाकावरून वेनान्सियो म्हणाला. "नाकाखालची सावली बघ आधी. तुझ्या फोटोत बायकांनाही मिशा फुटतात."

"आणि तुझ्या फोटोत माणूस दिसायचंच नाही. नुसता टाय."

आयाकुचो गावाच्या या चौकात एके काळी अकरा लाकडी कॅमेरे उभे असत. आता तादेओचा एकच उरला होता. वेनान्सियोनं आपला विकला, पण खोड काढायची सवय काही विकली गेली नाही. रोज तो बाकावर येऊन बसायचा.

ओल्या फोटोवर फुंकर घालत पोरगी गेली, तेव्हा झाडाखाली केव्हाची उभी असलेली एक म्हातारी पुढं आली. डोक्यावर हॅट, पाठीला शालीचं गाठोडं, डोंगरातून चालून आलेले धुळीचे पाय.

"ताइता, लहान फोटोचा मोठा करून मिळेल?" बापाला मारावी तशा हाकेनं तिनं विचारलं.

"मिळेल की, मामाय. बसा." तादेओनं आपली पत्र्याची पेटी तिच्याकडं सरकवली.

ती पेटीवर बसली. पोलक्यातून प्लास्टिक काढलं, प्लास्टिकातून कागद, कागदातून फडकं. फडक्यात तळहाताएवढा फोटो.

"माझा एलादियो. अठराव्या वर्षी इथं पावाच्या भट्टीवर आला. दोन महिन्यांनी हा फोटो धाडला. तिसऱ्या महिन्यात त्याला रस्त्यातून गाडीत घालून नेला. तेवीस वर्षं झाली."

कुणी नेला, हे दोघांनीही विचारलं नाही. या गावात ते कुणी विचारत नाही.

"चेहरा नको मोठा करू, ताइता. चेहरा पाठ आहे मला. कोट मोठा कर. हे दुसरं बटण वेगळं आहे बघ. पुरलेल्या माणसांच्या खड्ड्यांतून निघालेले कपडे ओळख पटवायला मांडलेत दालनात. उद्या शेवटचा दिवस. साहेब म्हणतात, खूण दाखव."

"याआधी गेला होतात?"

"चारदा. दर वेळी कोट तेवढे बघते न् परत फिरते. बाकीच्या टेबलांकडं जात नाही. माझ्या पोरानं पहिल्या पगारात कोट शिवला होता, ताइता. तो घातल्याशिवाय कुठं जाईल तो?" तिचा आवाज दळताना लागतो तसा संथ लागला होता. "ओढ्याकाठी कोट शोधला, खिंडीत कोट शोधला. स्वप्नातसुद्धा कोटच येतो. आत कुणी नसतं."

तादेओनं फोटो भिंगासमोरच्या फळीला लावला आणि डोकं फडक्यात घातलं. काचेवर पोरगा उलटा उभा राहिला. पाय वर, डोकं खाली. मग ते बटण दिसलं. पांढरं, चार भोकांचं, तादेओच्या बायकोच्या झग्याचं. त्यानंच ते काळ्या दोऱ्यानं टाचलं होतं.

कोट त्याचा होता.

कागदपत्रांच्या फोटोसाठी खेड्यातून येणाऱ्यांना तो हा कोट द्यायचा. खुंटीवरून घ्यायचा, चढवायचा, श्वास धरायचा, उतरवून पुढच्याला द्यायचा. फडक्याखालच्या अंधारात ते सगळे एकामागून एक येऊन उभे राहिले, त्याच कोटात. त्यातले किती पुन्हा कुठंच दिसले नाहीत. कोट मात्र दर वेळी खुंटीवर परत आला. आता तो पत्र्याच्या पेटीत होता, आणि पेटीवर ती बसली होती.

फोटो मोठा करून दिला, तर ती उद्या पुन्हा कोट बघून परत जाणार होती. खरं सांगितलं, तर पोराच्या अंगावरचा तेवढा एक शहरी मान जाणार होता.

"आत निजलास काय रे?" वेनान्सियो उठून आला. त्यानं फळीवरचा फोटो काढून उन्हात धरला. "काम तुझंच. कोट फुगलाय बघ बेडकासारखा. शंभरदा सांगितलं तुला, आतलं काढायला लावत जा म्हणून..." बटणापाशी त्याचं बोट थबकलं.

तादेओ फडक्यातून बाहेर आला.

"मामाय, जरा उठा."

त्यानं पेटी उघडली. कोट वर काढला. म्हातारीनं एक बोट फोटोतल्या बटणावर ठेवलं, एक कोटावरच्या.

"हा तुझ्याकडं कसा?"

"माझाच आहे. फोटोपुरता देत होतो. सगळ्यांना."

"त्यानं शिवला नव्हता?"

"नाही."

"त्यानं लिहिलं नव्हतं तसं," ती म्हणाली. "फोटो बघून मीच म्हटलं. गावभर सांगितलं." मग तिनं वर पाहिलं. "मग इतकी वर्षं मी कुणाला शोधत होते, ताइता?"

वेनान्सियोनं तोंड फिरवलं. तादेओनं खिशातलं भिंग काढलं.

"हा खोड काढतो ते खरं आहे, मामाय. आतलं काढायला लावलं नाही मी. थंडी होती, मला घाई होती. इथं मनगटापाशी बघा."

फोटोतल्या कोटाच्या बाहीखालून बोटभर विणकाम डोकावत होतं. तिनं भिंगाला डोळा लावला. चौकातल्या घंटा वाजून थांबल्या, तरी तिनं तो काढला नाही.

"विणताना पांढरी लोकर पुरली नाही," ती म्हणाली. "म्हणून मनगटाला काळ्या मेंढीची घातली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तादेओनं कॅमेरा उघडला नाही. दोघेही म्हातारे तिच्याबरोबर दालनात गेले आणि दारापाशीच भिंतीला टेकून उभे राहिले. कोटांच्या टेबलाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. लोकरीचे कपडे पलीकडच्या चार टेबलांवर होते, पांढऱ्या कागदावर, मातीच्या रंगाचे, बाह्या पसरून ठेवलेले. इतके असतील असं तिला वाटलं नव्हतं. तिनं हॅट काढली. तिथल्या मुलीनं दिलेले हातमोजे चढवले.

पहिल्या स्वेटराची बाही तिनं मनगटापाशी उलटली. काठ लाल होता. ती लगेच पुढं गेली नाही. तिनं काठ पुन्हा सुलटा केला, चुण्या बोटांनी सारख्या केल्या, निजलेल्या लेकराचा पलंगाबाहेर लोंबणारा हात उचलावा तशी ती बाही हलकेच स्वेटराच्या अंगाशी ठेवली, आणि मग शेजारच्या कपड्याकडं वळली.