मधला पट्टा

थोरल्याने मधला पट्टा उंच कपाटावरून ताणून घेतला, त्याचं टोक गाडीच्या कडीत घातलं आणि खटका दाबायच्या आधी अंगठा तिथेच थांबवला. मग हात काढून घेतला. पट्टा दिसायला ताठ होता. एका जोरदार वळणाचा अवकाश, की कपाट काचेच्या दारांवर कोसळलं असतं.

बाकी सगळं त्याने वडिलांच्या शिस्तीत भरलं होतं. आबांचं त्यासाठी एक गाणंच होतं : जड तळाशी, हलकं माथी, काच उभी अन् पट्टा हाती, शेवटी लागेल घरात जे, आधी जाईल गाडीत ते. ओट्याखालची जड खोकी चालकाच्या पाठीमागच्या पत्र्याला भिडवलेली, हलके कप्पे त्यांच्यावर, दोन काचांमध्ये घडी घातलेलं ब्लँकेट. बाळ दुपट्यात गुंडाळावं तसा त्याने कोपरा न् कोपरा गुंडाळला होता. ज्याचं वाटोळं करायचं, ते आपण इतक्या मायेने बांधतोय, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

गेल्या वर्षी असंच एक कपाट वाटेत पडून त्याच्या फळ्या झाल्या होत्या. भरलेलं थोरल्याने, गाडीवरही तोच. पण कपाटाखाली धाकट्या भावाची शिडी निघाली. ती थोरल्याने भरलीच नव्हती. पट्टा सोडून कुणीतरी मागाहून आत सारली होती. धाकटा करून सवरून नामानिराळा राहिला. आबांनी गाडीची किल्ली थोरल्याच्या हातातून काढून धाकट्याला दिली, आणि त्या दिवसापासून फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये थोरल्याचं नाव पडलं 'ढिले'. चहावालासुद्धा म्हणायचा, "ढिले, कप तरी घट्ट धरा हं."

गाडी भरणं मात्र त्याच्याकडेच राहिलं, कारण एवढ्याशा जागेत एवढं सामान दुसऱ्या कुणाला बसवता येत नव्हतं. शेवटची तपासणी धाकट्याची. तपासणी म्हणजे मागच्या दारावर दोन थापा. त्या दोन थापांवरच आज थोरल्याची भिस्त होती. तपासणार तो, चालवणार तो. मग निस्तरू दे त्यालाच.

तो हात धुऊन आला, तेव्हा धाकटा मागचं दार लावत होता. दोन थापा पडल्या.

"झालं ना सगळं, दादा?"

"बघ की. तपासणी तुझी."

"तू भरलंयस म्हटल्यावर काय बघायचं?" धाकट्याने किल्ली पुढे केली. "आज तू चालव. माझा खांदा धरलाय."

थोरल्याने किल्ली घेतली नाही. "आबा काय म्हणतील?"

"ते केव्हाच पुढे गेलेत, गिऱ्हाइकाच्या घरी भिंतीवर खुणा करायला. त्यांचं मी बघतो. बस तू."

नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. मागे जाऊन खटका लावावा, तर धाकटा दाराला टेकून उभा. थोरला बसला.

डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालावं, तशी त्याने गाडी नेली. प्रत्येक खड्ड्याआधी तो गाडी जवळजवळ थांबवत होता. मागे हॉर्नचा गलका. एक स्कूटरवाला शेजारून ओरडून गेला, "काका, ढकलायला येऊ का?"

"एवढं काय जपतोस?" धाकटा समोर बघत म्हणाला. "घट्ट बांधलंयस ना?"

"बांधलंय."

पाऊण तास तो जीव मुठीत धरून चालवत राहिला. पोचल्यावर त्याने मागचं दार उघडलं. कपाट जागच्या जागी होतं. मधल्या पट्ट्याचा खटका पक्का बसलेला.

"मी लावला," धाकटा त्याच्या पाठीमागून म्हणाला. "तू हात धुवायला गेलास तेव्हा."

"मग मला चालवायला का दिलीस?"

"कसं वाटतं, ते कळावं म्हणून." धाकट्याने बुटाच्या टोकाने एक खडा उडवला. "मी वर्षभर असाच चालवतोय, दादा. सारखं वाटतं, मागे काहीतरी पडेल. ती शिडी... मीच."

थोरल्याने वर्षभर याच शब्दांची वाट पाहिली होती. आणि ते आले ते असे, रस्त्याच्या कडेला, ऐकायला कुणी नसताना. त्याला ते पुरले नाहीत.

"खांदा कसा आहे?"

"बरा आहे."

"मग खालची बाजू तू धर."

दोघांनी कपाट उचललं. थोरला वर, उलट्या पायांनी पायऱ्या चाचपत, धाकटा खाली. जिन्याच्या मधोमध थोरला थांबला. सगळा भार खालच्या हातांवर उतरला.

"दादा, चल ना. जड आहे."

"शिडी कुणी ठेवली होती?"

"सांगितलं की आत्ता."

"मला सांगितलंस." वर, उघड्या दारातून आबांच्या मोजपट्टीचा आवाज येत होता. "जरा मोठ्याने."

धाकट्याच्या मनगटांच्या शिरा फुगल्या. त्याने एकदा मागे, उतरत्या पायऱ्यांकडे पाहिलं.

"मी ठेवली होती!" त्याचा आवाज जिनाभर घुमला. "आबा, पट्टा मी सोडला होता. दादाने नाही!"

मोजपट्टीचा आवाज थांबला.

थोरल्याने कपाट छातीशी घेतलं, ओढवेल तेवढा भार आपल्याकडे ओढला आणि पायरी चढला.

"कोपरा जप," तो म्हणाला. "भिंतीला लागेल."