लॉनवरचा पोळा

हे कुणालाच पटणार नाही, असं मी मन्मथला आधीच बजावलं. मलाच कधी कधी पटत नाही, आणि मी तर त्यात पुढचे दात घालवलेत.

मन्मथ नांदेडला बागांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढतो. त्याच्या माणसांच्या पायात बूट, गाडीवर कंपनीचं नाव. लोह्याला आमच्या ओसरीवर बसून चहा पिताना म्हणाला, "रामकिशनमामा, काकांचं सांगा."

त्याचा काका चन्नबसप्पा. या धंद्याला शिस्त लावली ती त्यानं, लातुरात, रक्त सांडून. मी त्याचा मुकादम.

लातूर उस्मानाबादेतून निघून नवा जिल्हा झाला होता आणि पाऊस बेपत्ता होता. मोठ्या साहेबाच्या बंगल्यापुढं लॉन लावायचं काम निघालं. तोवर आम्ही नुसते माळी. खण म्हटलं की खणायचं, तंबाखू थुंकायची ती गुलाबाच्या बुडात. चन्नबसप्पा बंगळूरला शिकून उदगीरला परतला आणि म्हणाला, "रामकिशन, आजपासून आपण माळी न्हाई. लँडस्केपवाले." सगळ्यांना खाकी सदरे शिवले. दोरी धरल्याशिवाय कुदळ मारायची नाही. एक शिट्टी झाली की रांगेत उभं राहायचं, दुसरी झाली की कामाला लागायचं. थुंकला तो घरी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुढारी यायचे होते. लॉन पसंत पडलं तर जिल्ह्यातल्या सगळ्या नव्या हापिसांच्या बागा आमच्या, नाहीतर पुण्याची पार्टी टपलेलीच. आमच्या सगळ्यांच्या चुली त्या गवतावर होत्या. मांजरेकाठची हरळी मुळासकट कापून आणली, गोधड्यांसारखी अंथरली, टँकरच्या पाण्यावर जगवली. सगळा मुलूख तव्यासारखा तापलेला आणि मधोमध ते हिरवं. लोक नुसतं बघायला यायचे. जनावरंही बघायची.

पोळ्याची मिरवणूक बंगल्यावरून चालली होती. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, झुलीखाली बरगड्या. म्होरक्या बैलानं गेटाला अशी धडक दिली की ते लोखंडी धूड बिजागऱ्यांसकट उपटून माझ्या छातीवर आलं. मी खाली, माझ्यावर गेट, गेटावरून सगळी मिरवणूक आत. माझी एकही बरगडी हलली नाही.

"हलली न्हाई?" मन्मथ म्हणाला.

"तवा दूध चांगलं मिळायचं, बाबा."

पोळ्याला बैलावर काठी उगारत नाहीत. त्यात चन्नबसप्पा गळ्यात लिंग घालणारा, नंदी म्हणजे त्याचा देवच. पहिला बैल लॉनवर आला तसे त्यानं वाकून हात जोडले. मग शिट्टी वाजवली.

"बैलाला बोट लावायचं न्हाई," तो म्हणाला. "मालकाला सोडायचं न्हाई."

मालक बैलांमागं आत घुसलेच होते. शिवप्पा नावाचा एक आडदांड गडी मला म्हणाला, "खाऊ दे की रे, सणाचा घास हाय." मी फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर घातला. ज्वारीचं कणीस झोडपावं तसे दात उडाले. त्यानं कासरा माझ्या गळ्यात टाकून मला फरफटत नेलं, माझे दात दगडावर गेले, डोळ्यांपुढं काळं आलं. कुंपण छाटायची मोठी कात्री हाताला लागली. कासरा कापला, त्याच्यासंगं त्याची करंगळीही गेली. पलीकडं दगडी रोलर कुणाच्या तरी पायावरून गेला आणि पापड मोडल्यासारखा आवाज आला. आमचे खाकीवाले रांग न सोडता हाणत होते, समोरचे धोंडे घेऊन तुटून पडत होते. कुणाचं तरी खुरपं चन्नबसप्पाच्या डोळ्यात गेलं. रक्त ओघळून शिट्टीत शिरलं, शिट्टी बुडबुडत वाजत राहिली, पण त्यानं रांग मोडू दिली नाही. मी तोच रोलर एका हातानं उचलून भिरकावला, चौघं झोपले.

आणि मधे बैल चरत होते. एकानंही मान वर केली नाही.

संध्याकाळी गवत नव्हतं, नुसती तुडवलेली लाल-काळी माती. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांनी गाडीतूनच बघितलं. कामं पुण्याला गेली. आमची माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला लागली, चन्नबसप्पा एका डोळ्यानं भावाच्या किराणा दुकानात तागडी धरून बसला.

मन्मथनं कप खाली ठेवला. "काका शेवटपर्यंत एकच म्हणायचे. गेट मी सोता बसवलं व्हतं, कडी निघाली कशी? माझंच काम कच्चं, म्हणायचे. परत बागेत पाय ठेवला न्हाई त्यांनी."

"बैलापुढं लोखंड काय करंल?" मी म्हणालो. "त्यात माणसाचा दोष न्हाई."

दारात कावेरीबाई, आमच्या घरची, ज्वारी निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"गेट कशाचं तुटतंय," ती म्हणाली. "तवा लातुरात आपला लाल्या बैल उपासानं पडाया आला व्हता. मी त्याला कासऱ्याला धरून गेटाशी आणला, अन् आतून कडी तुमी काढली. त्याच्यामागं बाकीची घुसली. आता त्या लेकराला कशाला खोटं सांगून राहिले?"