घरी विचारलंत का?

आमचं काम तसं सोपं. सरकारी मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला फोन करायचा आणि विचारायचं, राज्यात थांबणार की जाणार. आठ प्रश्नांचा फॉर्म आहे. जाणाऱ्यांना गोडीगुलाबीने पटवायचं. इतकी वर्षं आम्ही शिकवायचं आणि तुम्ही दुखणी परक्यांची बरी करायची, असं म्हणायला बंदी आहे. मी एकदा म्हणालो होतो. साहेबांनी आत बोलावून झापलं.

तरी ऑफिसात माझ्याइतके डॉक्टर कोणी थांबवले नाहीत. कारण माझा एक पदरचा प्रश्न आहे. सहावा झाला की मी विचारतो, "घरी विचारलंत का? त्यांना खरंच काय हवंय ते?" आठवड्याभरात बऱ्याच जणांचा फोन येतो, सर, थांबतोय. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणते, तुमच्या जिभेवर साखर आहे. माझ्या बायकोला विचारा म्हणावं.

मंगळवारच्या यादीत सतरावं नाव माझ्या लेकीचं निघालं.

"द्या इकडे, मी करते," शेजारची बाई म्हणाली. नियमही तोच आहे, नात्यातलं नाव दुसऱ्याकडे द्यायचं. मी म्हटलं, राहू द्या.

सकाळीच चहा गाळताना बायको म्हणाली होती, "लोकांची एवढी पोरं थांबवलीत. आपल्या एकीला थांबवा की." शुक्रवारी लेकीचं विमान आहे. मी कपात बघत म्हटलं, तिचं ठरलंय. खरं तर ठरवलं मीच. ती दहावीत असल्यापासून जेवताना माझं एकच पालुपद, इथे काही राम नाही, शिक आणि बाहेर पड. दिवसभर ऑफिसात उलटं बोलून आलो की घरी हे बोलायला बरं वाटायचं. आता तिची बॅग दिवाणावर उघडी पडलीय आणि मला ती जायला नकोय. अजिबात नकोय. हे कळून महिना झाला, पण तोंडाला जे कुलूप लागलंय ते लागलंय.

तिने दुसऱ्याच रिंगला फोन उचलला.

"नमस्कार, मेडिकल कॉलेजच्या ऑफिसातून बोलतोय. कॉल रेकॉर्ड होतोय."

"बाबा?"

"आठ प्रश्न आहेत."

"बरं. विचारा, सर." मागे वॉर्डात कोणीतरी खोकत होतं.

मी विचारत गेलो. इथे नोकरी देऊ केली होती का? हो. राहायला जागा? हो, गळत नाही. वरिष्ठांचा त्रास? नाही. तिची कशाबद्दलच तक्रार नव्हती. माझा हात आपला खुणा करत होता. सहावा प्रश्न, जाण्याचं मुख्य कारण.

"घरच्यांची इच्छा," ती म्हणाली. फॉर्मवर तो पर्याय आहे, चौथा. मी खूण केली आणि सवयीने तोंडातून गेलं, "घरी विचारलंत का? त्यांना खरंच काय हवंय ते?"

ती हळू म्हणाली, "नाही विचारलं. आता विचारू? बाबा, तुम्हाला काय हवंय?"

शेजारच्या बाईचं पेन थांबलं. मी फॉर्मकडे बघितलं.

"प्रश्न सातवा," मी वाचलं. "पुढे परत येण्याचा विचार आहे का?"

"माहीत नाही, सर."

आठवा प्रश्न नव्या पत्त्याचा. तिने सांगितला. रस्त्याचं नाव मी दोनदा विचारून नीट लिहून घेतलं. "जाणार"पुढे खूण केली. बाईने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी प्यायलो. गार होतं की कोमट, तेही कळलं नाही.

दुपारी, मागच्या आठवड्यात फोन केलेल्या एका डॉक्टरचा फोन आला. "सर, मी थांबतोय. तुम्ही म्हणालात म्हणून वडिलांना विचारलं."

"काय म्हणाले?" हे फॉर्मवर नसतं.

"थांब म्हणाले."

"आणि?"

"एवढंच, सर. थांब म्हणाले."

मी त्याचा फॉर्म काढला, "जाणार"वरची खूण खोडली आणि "थांबणार"पुढे केली. मग यादीतला पुढचा नंबर लावला.