मशीनवरची धाकटी

रुग्णालयाच्या धुलाईघरात दोघी बहिणी कामाला होत्या. थोरलीला सगळेच ताई म्हणत; घड्या घालणाऱ्या बायकांची ती प्रमुख. धाकटी मात्र धुलाईच्या मोठ्या मशीनवर होती. तिथे बाकी सगळे पुरुष. ओल्या चादरींचा भलामोठा गठ्ठा मशीनमधून ओढून काढायचा, म्हणजे विहिरीतून माणूस ओढण्यासारखं. धाकटीला ते जमायचं आणि आवडायचंही. शिवाय बढती मिळायची ती मशीनवरच्यांनाच.

माणसं कमी पडली की साहेब घडीच्या बायकांनाही मशीनवर ढकलत. अशातच एकीची पाठ कायमची गेली. ताईचं रक्त उसळलं. सगळ्या बायकांना घेऊन ती साहेबांपुढे उभी राहिली.

"बाईचं शरीर वेगळं आहे, हे आधी मान्य करा. बायकांना मशीनवर लावायचं नाही!"

साहेबांनी चटकन मान डोलावली. त्यांना कधी नव्हे ते चटकन पटलं, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. धाकटीची त्या दिवशी सुटी होती. तिला विचारायचं ताईच्या डोक्यातही आलं नाही. घरचीच तर आहे, ती काय नाही म्हणणार!

सोमवारी नियम फलकावर लागला आणि मुकादमाने धाकटीला घडीच्या टेबलाकडे पाठवलं. मशीनवर तिच्या जागी नवा गडी आला.

संध्याकाळी धाकटी ताईकडे आली ती चपला न काढताच.

"वा ताई! वाचवलंस मला."

"टोमणे मारू नकोस. त्या बिचारीला उठता-बसता येत नाही."

"मग तिला नको म्हणू द्यायचं. मला हवं होतं. तू दोघींच्या वतीने नाही म्हणून टाकलंस."

"साहेब एकेकीचं ऐकतात का? सगळ्या मिळून बोललो म्हणून ऐकलं."

"सगळ्या? मी कुठे होते?"

ताईने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"बायकांनी जपून असावं, असं आईही म्हणायची," धाकटी म्हणाली. "तू तेच म्हणालीस. फक्त घोषणा देऊन."

त्या रात्री ताई भरल्या ताटावरून उठली. पाठ गेलेली ती बाई डोळ्यांपुढे यायची, की लगेच धाकटीचं तोंड यायचं. दोघींपैकी एकीला तरी खोटं ठरवता आलं असतं, तर झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी फाटक्या चादरी शिवणाऱ्या मावशीपाशी तिने मन मोकळं केलं. मावशीने दातांनी दोरा तोडला.

"तुम्ही दोघी बाईच्या पाठीवरून भांडताय. मुकादम मशीनवरूनच वर आला; त्याची पाठ बघितलीस कधी? पट्टा बांधल्याशिवाय उभा राहत नाही तो. गठ्ठा एवढा मोठा कुणी केला, ते विचारा की."

"हे आधी का नाही बोललीस?"

"तू घोषणा देत होतीस ना बाई. माझा आवाज बारीक."

जेवणाच्या सुटीत ताईने बायकांना गोळा केलं. गठ्ठा सगळ्यांसाठीच लहान करायला लावू, जिला मशीन हवं तिला मिळू दे, जिला नको तिच्यावर सक्ती नको, असं ती म्हणाली.

"बहिणीसाठी आमचा नियम मोडतेस?" एकीने विचारलं.

"बहिणीमुळेच कळलं मला. ते काही मी नाकारत नाही."

निम्म्याच बायका बरोबर आल्या. साहेब हसले.

"गेल्या आठवड्यात बाईचं शरीर वेगळं होतं, या आठवड्यात सारखं झालं? आधी आपसात ठरवा."

बाहेर आल्यावर ताई धाकटीला म्हणाली, "चुकलं गं माझं."

"माफी घेऊन मी काय करू? उद्या पुन्हा जाऊ. मी बोलेन, तू मागे उभी राहा."

दुसऱ्या दिवशी ताई मागे उभी राहिली. आजवर ती कधी मागे उभी राहिली नव्हती. हात कुठे ठेवावेत तेही कळेना. धाकटी बोलत होती. बाई आणि पुरुष यांच्यात काडीचाही फरक करू नका, म्हणत होती. ते ताईला अजूनही पटत नव्हतं. पाठ गेलेली बाई तिला आठवली. ओठ उघडले, तसे तिने ते मिटून घेतले.

साहेबांनी धाकटीच्या डोक्यावरून पाहिलं. "ताई, तुम्ही शहाण्या आहात. तुमचं काय म्हणणं?"

"माझं नंतर," ताई म्हणाली. "तिचं अजून संपलं नाही."