कपातल्या अळ्या

बाबांनी चहाचा रिकामा कप कुंडीखालच्या थाळीत कलंडवला आणि तिथलं साचलेलं पाणी भरून घेतलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"ये बघ, नमे," सीवूड्सच्या आमच्या गॅलरीत, सासूबाईंसमोरच ते म्हणाले, "शेपूट वर करून श्वास घेते. गप्पी मासा हिला गटकन गिळतो. पिल्लू मासा बारकी अळी खातो, मोठा मासा मोठी. हिचा कोष झाला तरी सोडत नाय. पन एकदा पंख फुटून उडाली का मासा नुसता बघत ऱ्हातो!"

स्वतःच हसले. कप हिसकावून मी पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि कप कचऱ्यात टाकला.

"तुमच्या ऑफिसात हे पण शिकवतात वाटतं?" सासूबाईंनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हां, हापिसान सगला शिकवतात, ताई."

वडील पालिकेच्या आरोग्य विभागात अधिकारी आहेत, असं मी लग्नात सांगितलं होतं. खरं तर तीस वर्षं ते गटारांवर, टाक्यांवर वाकून अळ्या शोधायचे आणि आमच्या तळवलीच्या तळ्यात गप्पी मासे सोडायचे. हातांना कुजक्या पाण्याचा वास असे. लहानपणी त्यांनी भरवलेला घास मी गालात धरून बाहेर जाऊन थुंकत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना ते कोसळले. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

दहाव्याचे विधी तळ्यावरच झाले. कावळा शिवल्यावर शालनआत्याने उरलेला भात पाण्यात लोटला. तुपाचा तवंग पसरला. फुगल्या पोटाचे गप्पी भाताच्या त्या गिचक्याला लुचू लागले. काठाच्या शेवाळात मात्र अळ्या निवांत वळवळत होत्या. तिकडे एकही मासा फिरकत नव्हता.

"चला लवकर," नाकाला पदर लावून सासूबाई म्हणाल्या, "डास किती हे!"

आत्याने दुसरं पातेलं उचललं. मी तिचा हात धरला.

"टाकू नको, आत्या. पोट भरलं की ते अळ्या खात नाहीत."

"खाऊ दे गो, पुन्य लागल. तुला काय म्हाईत मासल्यांचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाईसुद्धा.

"माझे बाबा अधिकारी नव्हते," मी म्हणाले. आवाज मोठाच निघाला. "गटारांतल्या अळ्या शोधायचे. हे मासे त्यांनी सोडलेत. आणि मला बाबांची किळस यायची."