पिवळा दोरा

पॅराशूटच्या कारखान्यात मी तपासनीस आहे, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं माझी सख्खी आत्याच सांगत फिरते. आमच्या खात्याची ती मुख्य, मला काम शिकवलं तेही तिनंच. आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाच्या दोऱ्याचा रंग वेगळा. शिवण पास केली की कडेला आपल्या दोऱ्याचे तीन टाके घालायचे. माल सैन्याच्या ताब्यात देताना एकेक पॅराशूट वर धरलं जातं, आणि जिचा दोरा असेल तिनं सगळ्यांसमोर म्हणायचं, "माझा." त्या वेळी आजवर कुणी खोटं बोललेलं नाही. माझा दोरा पिवळा.

लढाई सुरू झाली आणि आत्यानं भर सभेत जाहीर केलं, की सुट्टीच्या दिवशी राबून आमचं खातं देशाला चाळीस पॅराशूट भेट देईल. टाळ्या पडल्या. तिचा एकुलता एक मुलगा मागच्या लढाईत गेला. त्याचा फोटो तिच्या मशीनवर असतो, शेजारी कागदी झेंडा. तिच्या देशप्रेमाला नावं ठेवायची माझी काय टाप? आतेभावाची आठवण आली की मला अजून रडू येतं.

पण मशीन सुसाट चालवली की सुई तापते, आणि तापलेली सुई नायलॉन जाळते. शिवण वरून छान दिसते, ताण दिला की उसवते. चाळिसातली सात तशी निघाली. मी ती बाजूला काढली.

आत्यानं मला कोपऱ्यात घेतलं. उद्या कार्यक्रम, शत्रू हसेल, खात्यातल्या बायका खचतील, अशा वेळी खोट काढणं म्हणजे देशाशी बेइमानी, असं बरंच बोलली. शेवटी म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत माणूस आहे, आत्या," मी म्हणाले. "आणि तोही आपल्याच देशाचा."

तिनं माझ्या टेबलावरचं पिवळं रीळ उचललं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. तेहतीस पॅराशूट बिनबोभाट गेली. चौतिसावं वर आलं. कडेला तीन पिवळे टाके होते आणि ते मी घातले नव्हते. मूग गिळून बसले असते तर नोकरी राहिली असती, आत्याही राहिली असती.

"हा माझा नाही," मी म्हणाले.

मागून कुणीतरी मला देशद्रोही म्हणालं. मी वळूनही पाहिलं नाही. मग दोरा कुणाचा, असं माल घ्यायला आलेल्या सैन्याच्या अधिकाऱ्यानं विचारलं. पहिल्या रांगेतून आत्या उठली.

"माझा," ती म्हणाली.

"टिकेल ना?" अधिकाऱ्यानं विचारलं.

पॅराशूट धरून उभ्या असलेल्या सैनिकाकडे ती बघत राहिली. तिचा मुलगा गेला तेव्हा एवढाच होता.

"नाही. याच्यामागची सहाही टिकणार नाहीत."

घरी जाताना ती माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली. मला फार वाईट वाटलं, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन, हेही मी वाटेतच ठरवून टाकलं.

सकाळी कामावर आले तर आत्या माझ्याआधी हजर. फोटो आणि झेंडा जागच्या जागी होते. समोर सात पॅराशूट पसरून ती जळक्या शिवणी उसवत होती. मान वर न करता तिनं पिवळं रीळ माझ्यापुढे सरकवलं.

"मी सावकाश शिवते," ती म्हणाली. "तू मात्र कडक तपास."