भस्मातली अक्षरं

"उमटलं! 'आई' उमटलं!"

खर्ड्याच्या माळावरचा मांडव दणाणला. वाचासिद्ध महाराजांच्या पुढ्यात भस्माचं ताट होतं. आजवर एक शब्द न बोललेल्या सहा वर्षांच्या दिशानं त्यात बोटानं अक्षरं काढली होती. तिचं मनगट तेवढं महाराजांच्या मुठीत होतं.

सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीची एक हाक ऐकायला तिचा जीव किती तगमगला होता! दिशाला स्वमग्नता आहे हे कळल्यापासून ती आणि नवरा वाल्मिक असे दोघं नगरच्या थेरपिस्टबाईंनी शिकवलं तसं रोज घरी पोरीसोबत बसत. साबणाचे फुगे फुंकायचे, मध्येच थांबायचं, दिशानं 'आणखी'ची खूण केली की पुन्हा फुंकायचे. ती खूण यायलाच अख्खा उन्हाळा गेला होता.

"पोरीची वाणी बांधलीय," घरच्यांकडून सगळं आधीच ऐकलेले महाराज डोलत म्हणाले. "तुमचे ते फुगेबिगे बंद करा. हिला मठात ठेवा. थेट ब्रह्मांडाशी कनेक्शन जोडून देतो, रेंज जायची भीतीच न्हाई!"

"ठिवू या की," सासू झुंबरबाई म्हणाली. वाल्मिकनंही मान हलवली.

सत्यशीलाला बसवेना. महाराजांनी पुन्हा हात धरला तशी ती पुढं सरकून बघू लागली. बोट भस्मात फिरत होतं आणि दिशा बघत होती वर, गरगरणाऱ्या पंख्याकडं. ताटावर नजर होती ती महाराजांची. अन् पोरीला तर 'अ'सुद्धा ठाऊक नव्हता!

ती उठलीच. "महाराज, तुमी पाठ फिरवा. मी तिला एक वस्तू दावते. ती कोणती, ते तिलाच लिहू द्या."

"देवाची परीक्षा घेतीस?"

"देवाची न्हाई, हाताची."

लोक हसले. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. महाराजांनी पाठ फिरवली. सत्यशीलानं पिशवीतला कंगवा दिशापुढं धरला, मांडवाला दाखवला आणि परत पिशवीत टाकला. महाराजांनी वळून मनगट धरलं. भस्मात उमटलं, 'फुगा'.

"आरं, कंगवा हुता की!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आता सोडा तिचा हात."

हात सुटला. दिशानं चिमूटभर भस्म घेतलं, ते हळूहळू खाली गळताना बघत राहिली. महाराज 'अपवित्र, अपवित्र' पुटपुटत पडद्यामागं गेले.

"अक्षरं पोरीची न्हाईत, मनगट धरणाऱ्याची हायती," सत्यशीला म्हणाली. ती मांडवाकडं वळली. "'आई' वाचून मी बी फसले. आपल्याला जे ऐकायचं असतं, तेच हे लिहून दावत्यात. पोरं मठात टाकू नका. डॉक्टरला दावा, घरी शिकवा. उशीर लागंल, पण जे यील ते त्यांचं असंल."

दुसऱ्या सकाळी झुंबरबाई दूधभाकरीची वाटी घेऊन घास भरवायला लागली.

"थांबा, आत्याबाई," सत्यशीला म्हणाली. "तिला मागू द्या."

म्हातारी चुळबुळत थांबली. बऱ्याच वेळानं दिशानं आजीचं बोट धरलं आणि वाटीकडं ओढलं.